सव्वाशे एकर आणि ऐंशी धनी

शेतकीच्या मासिकात फ्रेंच मद्याची चर्चा पाहून आमचे माळकरी वाचक भुवया चढवितील, हे आम्ही जाणून आहो. त्यांस प्रथमच सांगतो की, कोणास पिण्याचा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या शेतमालास इतका चढा भाव मिळतो त्याचे मूळ शेत कसे आहे, हे पाहण्यास शहापूर-मुरबाडच्या खातेदारास हरकत नसावी.

फ्रान्सच्या पूर्वेस बरगंडी प्रांत आहे. तेथे क्लो द वूझो नावाचा, भोवती दगडी भिंत असलेला द्राक्षमळा आहे. बाराव्या शतकात सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी तो लावण्यास आरंभ केला. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. १८८९ पर्यंत ते अखंड होते. पुढे विक्रीने व वारसाहक्काने त्याचे तुकडे पडत गेले आणि आज त्यात सुमारे ८० धनी आहेत. कित्येकांच्या वाट्यास द्राक्षवेलींच्या काही ओळीच काय त्या येतात. आपल्याकडे अशी वाटणी झाली म्हणजे आपण कपाळास हात लावतो, आणि ते अकारण नव्हे. मुंबई सरकारने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला तो याच चिंतेने. मग तिकडील अर्ध्या एकराचा धनी ताठ मानेने कसा राहतो?

त्याच्या मालाचे स्वरूप पाहावे. पिनो न्वार या पातळ सालीच्या काळ्या द्राक्षापासून हे मद्य होते. रंगाने ते कोकमाच्या आगळाइतकेही गडद नसते. नवे असता त्यास तांबड्या फळांचा वास येतो, जुने झाले म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पालापाचोळ्याचा व ओल्या मातीचा. तुरटपणा मवाळ, आंबटपणा जिवंत, आणि घोट उतरल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. त्याचा डौल म्हणतात तो हाच.

कृतीत गुप्त असे काहीच नाही. घड हातांनी खुडतात, नासके मणी निवडून टाकतात. रस जवळजवळ रंगहीन असतो, रंग सालीतून उतरतो. म्हणून रस सालींसह आंबवितात. आंबताना साली वर येऊन थर धरतात. तो थर दांड्याने, कोठे कोठे अजून पायांनीही, पुनःपुन्हा खाली दाबावा लागतो. जोर अधिक केला तर कडवटपणा येतो, कमी केला तर माल फिका होतो. पुढे ओकच्या २२८ लिटरच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरवून बाटल्या भरतात. वाढताना ते रांजणातील पाण्याहून थोडे गार, पंधरा-सोळा अंशांवर असावे. पेला रुंद पोटाचा आणि तिसरा हिस्साच भरलेला. मुरबाडच्या वैशाखात उघड्यावर ठेविले तर त्याची सारी खुमारी तासाभरात जाईल.

उत्पादनाचा आकडा मात्र आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. या प्रतीच्या मळ्यास कायद्याने हेक्टरी सुमारे ३५ ते ३७ हेक्टोलिटरांची मर्यादा आहे. एकरी दीड हजार लिटरांहून अधिक नाही. एकरी उतारा वाढविणे हीच शेतकी, असे महिनोन्महिने छापणाऱ्या आम्हांस हा आकडा थोडा बोचला, हे कबूल करितो.

जमिनीचा भेद आणखी विलक्षण. मळ्याचा वरचा भाग चुनखडीचा, निचऱ्याचा. खालचा, रस्त्यालगतचा, चिकण मातीचा व ओल धरणारा. सरस माल वरचा. आपण भातासाठी ज्या खाचरावरून भाऊबंदकी करितो, तसली जमीन तेथे हलकी ठरते, आणि वरकस म्हणून जी गवतास सोडतो तिच्यासारखी भारी! असल्या भेदांमुळे तेथे शेतागणिक वेगळे नाव चालत आले. अशा १,२४७ नामांकित शेतांची २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंद झाली.

पण नाव आपोआप धन्याच्या हाती राहिले नाही. शेकडो मळेवाले आपला माल पिंपांनी व्यापाऱ्यास विकीत, आणि व्यापारी त्यात भलताच माल मिसळून नामांकित गावाची चिठ्ठी लावीत. व्होल्ने गावच्या मार्क्विस द'अँजरव्हिल याने या लबाडीविरुद्ध कज्जे मांडले. व्यापाऱ्यांनी त्याचा माल घेणे बंद केले, तेव्हा त्याने स्वतःच बाटल्या भरण्यास घेतले. १९३५ साली कायदा झाला आणि कोणत्या भूमीचे नाव कोणत्या मालास लावावे हे ठरले.

आता आपल्याकडे वळू. कसारा घाट चढून गेले की नाशिकचे द्राक्षमळे व मद्याचे कारखाने लागतात. ती पिके आपल्या धो धो पावसात होणार नाहीत, त्याच्या नादी कोणी लागू नये. आपले पीक भात. शेजारच्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या दोन तालुक्यांचा तांदूळ मात्र गिरणीत गेला की कोणाचा, कोठला, हे सांगता येत नाही. आपल्या सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. वाचकांनी आपला उतारा काढून पाहावा. पुष्कळांचा तो कोरा निघेल. आंबेमाळ, वडाचे खाचर, देवराईखालचे शेत ही नावे घरातील म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, कागदावर नाहीत. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्यापासून, आणि मुरबाडकडे शहरवासीयांचे बंगले उठू लागल्यापासून, जमिनीचा भाव तेवढा सर्वांस पाठ झाला आहे. विकत घेणारा मात्र पहिल्याच महिन्यात फाटकावर नाव लावतो, बहुधा इंग्रजी.

जुन्या तांदळास नव्याहून अधिक भाव येतो हे आपणांस सांगावयास नको. मुरविण्याची कला आपल्यापाशीही आहे. सबब आमची सूचना अशी: येत्या सुगीस प्रत्येक इच्छुक सभासदाने एकाच शेतातील, एकाच वाणाचे भात खळ्यावर वेगळे ठेवावे, वेगळे भरडावे, आणि पोत्यावर गाव, शेताचे नाव व साल लिहावे. तलाठ्याकडे जाऊन तो कोरा रकाना भरण्याचा अर्जही त्याच आठवड्यात करावा. मंडळाच्या गोदामातील एक खोली अशा पोत्यांसाठी वर्षभर राखून ठेवण्याविषयी आम्ही चालकांशी बोलणे लाविले आहे. पाच सभासदांची नावे आली की किल्ली मिळेल.