प्रत्येकाला वेगळा पत्ता

ई-मेलचा पत्ता ओळख पटविण्याचे आणि परवानगी देण्याचे अशी दोन्ही कामे एकटाच करीत आला आहे; ज्याच्या हाती तो पडला त्याला पत्र धाडण्याची मुभाही आपोआप मिळते, आणि ती परत घेण्याची सोय मूळ रचनेत कोणी ठेवलेली नाही. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थ्यूर्क या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात एकदम पाठवून या मुभेचा अर्थ दाखवून दिला होता. तरीही १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल वाहून नेण्याचे जे नियम लिहिले, त्यांत पाठविणारा आपले नाव खरे सांगतो की नाही हे तपासण्याची तरतूद नव्हती.

इंदापूर तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या लोणी देवकर औद्योगिक वसाहतीत काम शोधणारा तरुण आपला पत्ता किती ठिकाणी लिहून देतो, हे पाहिले म्हणजे या त्रुटीची व्याप्ती ध्यानात येते. नोकरीची संकेतस्थळे, कामगार पुरविणारे ठेकेदार, सराव परीक्षांचे क्लास आणि मोबाइलवरील खरेदीची दुकाने या सर्वांकडे एकच पत्ता असल्यामुळे, त्यांपैकी एकाने यादी विकली किंवा एकाकडची माहिती चोरीस गेली, तरी पत्ता फुटला कोठून हे कळत नाही आणि तो बदलायचा तर सर्वांनाच कळवावे लागते. तात्पुरत्या, म्हणजे हवा तेव्हा बंद करता येणाऱ्या पत्त्यांची योजना येथे उपयोगी पडते. नीरा डाव्या कालव्याच्या प्रत्येक फाट्याला स्वतंत्र दार असले म्हणजे एक बंद केल्याने बाकीच्यांचे पाणी तुटत नाही, तद्वत प्रत्येक संस्थेला निराळा पत्ता देऊन त्या सर्वांवरील पत्रे आतल्या आत एकाच खऱ्या पत्त्याकडे वळविली जातात.

या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत परिचित झालेल्या ‘स्पॅमगोर्मे’ या सेवेने ही कल्पना मोठ्या चातुर्याने राबविली. तिच्या पत्त्यात एक मनाजोगता शब्द, एक आकडा आणि वापरणाऱ्याचे नाव असे; आकडा ५ असेल तर त्या पत्त्यावरची पहिली पाच पत्रे पुढे जात आणि सहावे गुपचूप नष्ट होत असे. पण ज्याच्याशी संबंध टिकवायचा त्याची पत्रे अशी मोजून कशी चालतील? म्हणून तीत परवानगी यादी होती. यादीतील विश्वासू प्रेषकाच्या पत्राने मोजणी घटत नसे, आणि एखादा पत्ता एकाच प्रेषकासाठी राखून ठेवला की त्याची पत्रे आकडा संपल्यावरही येत राहत. अ‍ॅपलने २०२१ मध्ये पत्ता लपविण्याची जी सोय दिली ती याच कुळातली आहे. जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह व एखादा शब्द जोडता येतो, परंतु तो शब्द खोडला की खरा पत्ता उघडा पडतो, त्यामुळे तो उपाय पत्रांची वर्गवारी करण्यापुरताच मानावा.

परवानगी यादीचे खरे कौशल्य तिच्या रुंदीत आहे. संपूर्ण जीमेलला विश्वासू ठरविले, तर जीमेल वापरणारा कोणीही आत येतो. उलट कंपनीचा एकच नेमका पत्ता नोंदविला, तर मुलाखतीचे बोलावणे भरतीसाठी नेमलेल्या दुसऱ्या संस्थेकडून आल्यास ते बाहेरच राहते. शिवाय प्रेषकाचे नाव खोटे लिहिता येत असल्याने नुसत्या यादीवर भिस्त ठेवता येत नाही. पत्र कोणत्या सर्व्हरवरून निघावे हे जाहीर करणारी एसपीएफ नोंद, पत्रावरील डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम, आणि या दोहोंची सांगड वाचकाला दिसणाऱ्या नावाशी घालणारी डीमार्क ही व्यवस्था जोडीला असेल, तरच यादीला अर्थ राहतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांवर या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. लोकसेवा आयोगाचा अर्ज, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती आणि बँक यांच्यासाठी मात्र तात्पुरता पत्ता वापरू नये, कारण तेथील सूचना वर्षभरानेही येऊ शकते आणि तोवर तो पत्ता बंद झालेला असू शकतो.

इंदापूर तालुक्यात ई-मेलपेक्षा मोबाइल क्रमांकच अधिक हातांत जातो, आणि क्रमांकाला अशी दारे बसविता येत नाहीत. म्हणून क्रमांकाच्या बाबतीत यादी राखण्याचा भार कायद्याने पाठविणाऱ्यावर टाकला, आणि हे योग्यच झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यापारी संदेश पाठविणाऱ्याला आपले प्रेषकनाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो, तर ग्राहकाला १९०९ वर आपली पसंती कळविता येते. ई-मेलसाठी असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्रासदायक ई-मेलला स्पर्श करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या रास्त कारणास्तव, रद्द केले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती देण्याइतकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे असे म्हटले आहे, पण पत्ता कोणी फोडला हे ठाऊक नसलेल्या माणसाने ती कोणाकडून मागे घ्यावी, हे निराळ्या पत्त्यांवाचून त्याला कळायचे नाही.