माथेरानला जाऊन करायचं काय?

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "आत्या, पुढच्या महिन्यात दोन दिवस माथेरानला चाललोय आम्ही. तू तर कितीदा गेलीयेस. काय काय करता येईल तिथे?"

मी म्हटलं, "चालायचं."

"ते झालंच गं. आणि?"

"आणि परत चालायचं."

तो हसला. मग त्याने स्वतःची यादीच वाचून दाखवली. पहिल्या दिवशी घोड्यावरून बारा पॉइंट, मग दोरीवरून दरी ओलांडायची, संध्याकाळी सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी उरलेले पॉइंट, चिक्की, चपला, आणि घरी. ऐकताना मला मार्च महिन्यातली शाळा आठवली. परीक्षा तोंडावर, पोर्शन उरलेला, आणि आम्ही शिक्षक मंडळी रोज दोन-दोन धडे उरकत असायचो! धडे व्हायचे, मुलांना काही यायचं नाही. पॉइंटांचं तसंच होतं. सगळे होतात आणि घरी आल्यावर कुठला कुठला ते आठवत नाही.

त्याला म्हटलं, सविस्तर लिहूनच टाकते. म्हणजे तुम्हा बाकीच्यांनाही उपयोग होईल. (आणि वहिनी, तुम्ही दर वेळी 'ब्लॉगवर नवीन काही नाही का' विचारता, त्याचीही सोय झाली.)

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. उंची साधारण आठशे मीटर, म्हणजे फार नाही. हिमालय पाहिलेल्यांना ही टेकडीच वाटेल. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर चढले, तेव्हा माथेरानचा 'शोध' लागला असं आपण पाठ करतो. ठाकर, धनगर, कातकरी त्याआधीपासून या डोंगरात वावरत होतेच, पण त्यांच्या चढण्याला कुणी शोध म्हणत नाही. असो.

या गावाची खरी मौज अशी की मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे सगळं पायी किंवा घोड्यावर. २००३ साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, पण मोटार नसण्याची रीत त्याहून जुनी आहे. हॉर्न नसलेलं गाव तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? हो, ऐकलंतच म्हणते मी. पहिल्या रात्री त्या शांततेने मला झोप लागत नाही. डोंबिवलीत आयुष्य गेलं ना!

तर आता करायचं काय ते सांगते.

नेरळपर्यंत लोकलने या. छोट्या गाडीचं तिकीट मिळालं तर उत्तम. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ही गाडी १९०७ पासून चढते. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी, त्यातून हे काम उभं राहिलं. घाईच्या माणसाने या गाडीत बसू नये, वीसेक किलोमीटरला दोन तासांहून जास्त लागतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात आणि ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग असा काही उखडला की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. अशा वेळी टॅक्सीने दस्तुरीपर्यंत यावं आणि तिथून अमन लॉज ते माथेरान ही शटल पकडावी, नाहीतर सरळ चालू लागावं.

वर आल्यावर अर्ध्या दिवसाला एकच दिशा धरायची. हा माझा नियम. एका सकाळी शार्लोट तलाव, काठावरचं पिसारनाथाचं देऊळ, आणि तिथून रमत-गमत लुईझा पॉइंट. समोर प्रबळगड दिसतो. तिथे तासभर बसा. पहिली दहा मिनिटं फोटो काढण्यात जातात, त्यानंतर खरं दिसायला लागतं. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट. दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं तर पॅनोरमा, उत्तर टोकाला, पण पल्ला लांब आहे. लहान मुलं बरोबर असतील तर दक्षिणेला अलेक्झांडर, रामबाग करत चौक पॉइंटकडे जावं. वाटा जांभूळ-अंजनीच्या सावलीतून जातात, उन्हाचा त्रास होत नाही.

त्या दक्षिणेच्या बाजूने इर्शाळगडाचा सुळका दिसतो. मुलांना तो दाखवा, आणि हेही सांगा की १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच गडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरड कोसळून गाडली गेली. आपण ज्याला 'व्ह्यू' म्हणतो, त्यात माणसं राहतात.

किरकोळ सूचना: नवे बूट आणि पांढरे मोजे नेऊ नका, तांबडी माती ते कायमचे रंगवते. हातात खाऊची पिशवी घेऊन फिरू नका, माकडं ती तुमच्यापेक्षा हक्काने घेतात. 😊 धुक्यात कठड्याजवळ जाऊ नका. आणि सामान उचलणाऱ्या बाया-बाप्यांशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, त्याच हॉटेलात चहाला किती मोजता ते आठवा.

आणखी एक. कोणत्याच यादीत नसतं ते. हुतात्मा भाई कोतवाल माथेरानचे. १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक समाजातल्या गरीब घरातला. वकील झाले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात 'आझाद दस्ता' उभारून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह गोळ्यांना बळी पडले. पॉइंटांना साहेबांची आणि मडमांची नावं आहेत, ती पाठ होतात. या एका नावासाठी पाच मिनिटं थांबा. शिक्षिकेचा स्वभाव, दुसरं काय!

इथवर लिहून थांबले असते तर बरं झालं असतं. पण 'चालायचं' हा शब्द मी भाच्याला इतक्या झोकात सांगितला, की फोन ठेवल्यावर मलाच तो बोचायला लागला. कारण सांगते. आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

१९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सासूबाईंना घेऊन माथेरानला गेलो होतो. त्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. घोड्यावर बसणं शक्य नव्हतं, चालणं तर नव्हतंच. हातरिक्षा केली. ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक माणूस पुढे दांडा धरून ओढतो, चढावर दोघं मागून ढकलतात. मी बाजूने पर्स सांभाळत चालत होते. चढावर त्या पुढच्या माणसाचा श्वास इतका जवळून ऐकू येत होता की मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, "मला उतरवा गं. मी बसते इथेच, तुम्ही जाऊन या." आम्ही काही ऐकलं नाही. पैसे ठरलेले होते ना.

एका वळणावर ते तिघे दम खायला थांबले. पुढच्याने घाम पुसत विचारलं, "ताई, तुम्ही बाई का शाळेत?" माझ्या बोलण्यावरून ओळखलं असावं. म्हणाला, "पोरगी चौथीच्या स्कॉलरशिपला बसवायचीय. पुस्तक कुठलं घ्यावं?" मी उत्साहाने म्हटलं, विकत घेऊ नका, मी पाठवते. त्याने हॉटेलच्या कागदावर पत्ता लिहून दिला. डोंबिवलीला आल्यावर दिवाळीचा फराळ, सहामाहीचे पेपर, आणि तो कागद कुठे गेला कळलं नाही. शाळेच्या कपाटात तसली दहा पुस्तकं पडून होती. पुस्तक गेलं नाही.

पुढे कितीदा माथेरानला गेले. हातरिक्षांच्या तळाजवळून जाताना दर वेळी रस्त्याची दुसरी बाजू धरली.

आज मी सासूबाईंच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. उजवा गुडघा जिना उतरताना बोलतो. तेव्हा 'माथेरानात पायीच फिरावं' हे ज्यांचे पाय धड आहेत त्यांचं तत्त्वज्ञान आहे, हे मला उशिरा कळलं. आपण पायी फिरायचो, हवा शुद्ध राहायची, आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जायचा. शुद्ध हवेची किंमत तो भरत होता.

ई-रिक्षा येणार म्हटल्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात केवढा वाद झाला! निम्म्यांचं म्हणणं, आज ई-रिक्षा आली, उद्या मोटारी येतील, माथेरान संपलं. खरं सांगते, आधी मीही त्यांच्याच बाजूची होते. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या, तेव्हा मी नाकच मुरडलं होतं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाने माणसाला ओढणं ही अमानुष प्रथा आहे, सहा महिन्यांत ती बंद करा. ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळाव्यात म्हणून गुजरातेतल्या केवडियाचा दाखलाही दिला. ती बातमी वाचून मला सासूबाईंचं 'मला उतरवा गं' आठवलं. जे सातवी शिकलेल्या बाईला रिक्षेत बसल्या-बसल्या कळलं होतं, ते बी. ए. झालेल्या सुनेला कळायला तीस वर्षं लागली.

मोटारींची भीती मात्र खोटी नाही. म्हणून माझं मत असं, की रेषा आखून घ्यावी आणि ती पाळावी. दस्तुरी ते बाजारपेठ ई-रिक्षा असावी. म्हातारी माणसं, अपंग, आजारी आणि गावातली शाळेची मुलं यांचा तिच्यावर पहिला हक्क. चालवणारा तोच असावा, ज्याने इतकी वर्षं दांडा ओढला. पॉइंटांकडच्या तांबड्या वाटा मात्र पायांना आणि घोड्यांनाच ठेवाव्यात. फरसबंदीच्या बाबतीत न्यायालयानेही साधारण तसंच म्हटलंय: दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नकोत. हे मला पटतं. ज्याचे पाय चालतात त्याने चालावं, आणि ज्याचे चालत नाहीत त्याच्यासाठी दुसऱ्याने जनावर होऊ नये. दोन्ही एका गावात बसू शकतं.

आणि गुडघ्यामुळे पॅनोरमा मला आता दिसणार नाही, तर नाही दिसणार. बाजारापर्यंत रिक्षेने जाईन, जमेल तेवढी चालेन, तलावाच्या काठी बसेन. सगळं सगळ्यांना दिसलंच पाहिजे असं थोडंच आहे? सासूबाई तेच म्हणत होत्या.

तर भाचेराव, तुझी यादी अशी कर. दोन दिवसांत चार पॉइंट, जास्त नाही. भाई कोतवालांपाशी थांब. मुलांच्या पायांना माती लागू दे. जो सामान उचलेल, रिक्षा चालवेल, घोडा धरेल, त्याचं नाव विचार. आणि त्याला काही पाठवीन म्हणालास, तर पत्त्याचा कागद पाकिटात नीट ठेव.

ती मुलगी आता चाळिशीची असेल. स्कॉलरशिपला बसली का, कोण जाणे. पुढच्या खेपेला मी चौथी-पाचवीची काही पुस्तकं बरोबर नेणार आहे. तिथल्या शाळेत देईन. त्याने फिटत नाही, मला माहीत आहे. तरी नेणार आहे.

बघा पटतंय का.