न खाण्याचा मावा

दिवाळीच्या अंकात 'मावा' हा शब्द दिसला की वाचकांच्या डोळ्यांपुढे बर्फी आणि पेढे उभे राहणार, हे मला ठाऊक आहे. मराठी शिकवणे हाच माझा धंदा असल्यामुळे एकाच शब्दाचे दोन-दोन, तीन-तीन अर्थ वर्गात सांगण्याची मला सवय आहे. परंतु मावा या शब्दाचा दुसरा अर्थ मला कोशाने शिकवला नाही. तो आमच्या अंगणातल्या जास्वंदीने शिकवला, आणि फी जरा जबरच घेतली.

आमचे हे अंगण या सदराच्या वाचकांना परिचयाचे आहे. चिंचवडातले, दोन खाटा मावतील एवढे. त्यात एक जास्वंद, एक घेवड्याचा वेल, कढीपत्त्याचे झाड आणि कोपऱ्यातल्या कुंडीत गवती चहा. यांतली जास्वंद आईची. मोरया गोसावींच्या चिंचवडात राहायचे आणि गणपतीला घरचे लाल फूल नाही, ही कल्पनाच तिला सहन होत नाही. मार्गशीर्षात मोरयाच्या समाधीचा उत्सव असतो. गेल्या वर्षी त्या उत्सवाला भरपूर फुले मिळावीत म्हणून मी जास्वंदीला मुठी भरभरून युरिया घातला. झाड तरारले. लुसलुशीत पालवी फुटली. नेमके चार दिवस आभाळ आले, आणि पाहतो तो प्रत्येक कळीच्या देठाशी हिरवट-काळ्या बारीक किड्यांची दाटी झालेली! खालची पाने चिकट झाली होती आणि त्यांवरून मुंग्यांची ये-जा चालू होती.

एका ओळखीच्या गृहस्थांकडे शेतावरचे औषध उरले होते. त्यांनी ते सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून मला दिले आणि "बादलीला एक झाकण" असे सांगितले. उत्सव जवळ आला होता. मी तीन झाकणे घातली. संध्याकाळी पंपाने सारे अंगण धुऊन काढले आणि विजयी मुद्रेने आत आलो. घरात कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते?

सकाळी आईने नेहमीप्रमाणे कुंडीतली गवती चहाची दोन पाती तोडून चहात टाकली.

तासाभराने तिला मळमळू लागले. मग उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "औषधाचे नाव काय? बाटली आणा, म्हणजे उतारा ठरवता येईल." मी बाटली आणली. तिच्यावर संत्र्याचे चित्र होते. डॉक्टर त्या चित्राकडे पाहत राहिले आणि मी जमिनीकडे. एक रात्र तिला तिथे ठेवले. सकाळी ती उठून बसली आणि पहिला प्रश्न तिने विचारला, "अरे, जास्वंद कशी आहे?" मला उत्तर देता आले नाही.

आमचा शेजारी चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथे काही बिघडले की पाच वेळा 'का' विचारतात म्हणे. ही रीत जपानी कारखान्यांतून आली. आईला घरी आणल्यावर तो समाचाराला आला.

"सर, मावा आला का?"

"पालवी फार कोवळी होती म्हणून."

"ती एवढी कोवळी का?"

"युरिया जास्त झाला."

"जास्त का घातला?"

"उत्सवाला फुले हवी होती."

"मग विषाची बाटली बिनचिठ्ठीची का?"

पाचवा 'का' त्याने विचारला नाही. माझ्या तोंडाकडे पाहून त्याला दया आली असावी.

आता या विषाने मावा तरी संपला का? दोन दिवस संपला. दहाव्या दिवशी पूर्वीच्या दुप्पट दिसू लागला. तेव्हा मी या प्राण्याविषयी वाचायला बसलो. आधी वाचायला हवे होते, पण प्राध्यापकांना परीक्षेनंतर अभ्यास सुचतो.

जिनीव्हाच्या शार्ल बोने या वीस वर्षांच्या तरुणाने १७४० साली माव्याची एक नवजात मादी काचेखाली एकटी कोंडली आणि तिच्यावर अहोरात्र पाळत ठेवली. नराचे तोंडही न पाहता तिने जूनच्या अवघ्या तीन-साडेतीन आठवड्यांत ९५ पिलांना जन्म दिला! आपल्याकडच्या उबदार हवेत मावा बहुतेक असाच वाढतो. अंडे नाही, नर नाही. मादी थेट पिले देते, आणि त्या पिलांच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. आठ-दहा दिवसांत नात आजी होण्याच्या तयारीला लागते. रस शोषून मावा जो गोड चिकटा टाकतो, त्यासाठी मुंग्या त्याला गाईसारखा पाळतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलून लावतात. अशा कुटुंबातले चार जण फवाऱ्यातून वाचले तरी पंधरवड्यात गाव वसते.

मग इतकी वर्षे झाडे उरली कशी? याचे उत्तर आमच्या कन्येने दिले. शाळेच्या प्रयोगासाठी आणलेले भिंग घेऊन ती शेजारच्या, न फवारलेल्या जास्वंदीपाशी उभी होती. "बाबा, ही बघा मगर!" मी पाहिले. काळी, नारिंगी ठिपक्यांची, लांबट, सहा पायांची अळी. मी ओरडलो, "हीच ती कीड! फवारणीच्या आधी मी अशा दहा-बारा चिमटीत चिरडल्या." कन्या भिंगातून नजर न काढता म्हणाली, "पण बाबा, ही तर मावा खातेय."

ती ढालकिड्याची अळी होती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल ढालकिडा आपण हौसेने तळहातावर घेतो, आणि त्याचे कुरूप बाळ मात्र शत्रू समजून चिरडतो. एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. तिच्या जोडीला हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी असते आणि फुलांवर तरंगणाऱ्या सिरफिड माशीची अळी असते. एक इवलीशी गांधीलमाशी तर माव्याच्या पोटातच अंडे घालते; तो मावा फुगून भुऱ्या मण्यासारखा होतो. माझ्या तीन झाकणांनी ही सारी फौज मारली होती. शत्रू आठवड्यात परतला. मित्रांना परतायला महिना लागला.

आमच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन म्हणजे तरी काय? एका बुरशीकडून जंतूंचा बंदोबस्त करवून घेणे. तेच तत्त्व शेतात किती मोठे काम करते, ते पश्चिम महाराष्ट्राने पाहिले आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यातल्या उसावर पांढरा लोकरी मावा दिसला, आणि बघता बघता तो उत्तर कर्नाटकापर्यंत पसरला. डोक्यावर गेलेल्या उसात शिरून फवारणार कसे? तेव्हा संशोधन केंद्रांनी आणि साखर कारखान्यांनी डिफा नावाच्या पतंगाच्या आणि मायक्रोमस नावाच्या कीटकाच्या अळ्या वाढवून शेतात सोडल्या. या दोघांचे खाद्यच तो मावा. दोन-तीन हंगामांत तो आटोक्यात आला. याउलट २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. माझ्या आईच्या घामाची आठवण झाली की ते घरोघरचे आकांत माझ्या कानांत ऐकू येतात.

तेव्हा, गृहिणींनो आणि गृहस्थहो, अंगणापुरता माझा अनुभव सांगतो. मावा दिसताच प्रथम नळाची जोरदार धार पानांच्या पाठीवर मारावी. खाली पडलेला मावा बहुधा परत चढत नाही. फार भरलेला शेंडा खुडून टाकावा. खोडावरची मुंग्यांची वाट मोडावी. एवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर पातळ साबण घालून, आधी एका पानावर करून पाहून, मग फवारावे. त्याहून चिवट असेल तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून लिटरभर पाणी करावे, थोडा साबण मिसळावा आणि ऊन उतरल्यावर शिंपडावे. कडक उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो. साबण काय नि निंबोळी काय, जिथे ढालकिडे दिसतील ती फांदी सोडावी. युरिया बेताने घालावा. एखाद्या कुंडीतली कोथिंबीर फुलू द्यावी. त्या बारीक फुलांवर सिरफिड माश्या येतात. आणि काहीही शिंपडलेत, अगदी निंबोळीसुद्धा, तरी घरात सर्वांना सांगावे आणि पाला धुतल्याशिवाय वापरू नये.

यंदा जास्वंदीवर पुन्हा थोडा मावा आला आहे. मी धारेचा नळ घेऊन गेलो, तर आईने हात धरला. एका फांदीवर कन्येच्या 'मगरी' लागल्या होत्या. "ती फांदी राहू दे," आई म्हणाली. "दिवाळी आहे. पाहुणे आलेत, त्यांना फराळ नको का?"

मी नळ बंद केला. आई गवती चहाची पाती तोडायला कुंडीकडे वळली. मी तिच्या हातातून ती घेतली आणि आधी धुऊन आणली.