भिंतीवरचा दुष्काळ

परवा स्वयंपाकघरात चकल्या तळणे चालले होते आणि आमची नात छायाचित्रांचे एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. एका पानावर ती थबकली. बंगालच्या दुष्काळातली एक आई आणि तिचे मूल. नातीने विचारले, “आजोबा, मग यांना जेवायला मिळालं का हो?”

छायाचित्रकार सुनील जाना. जन्म १९१८ सालचा, आसामातल्या दिब्रुगढचा. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा हा तरुण कलकत्त्याला इंग्रजी वाङ्मय शिकत होता. कम्युनिस्ट पुढारी पी. सी. जोशी यांनी त्याला आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना बरोबर घेतले, आणि तिघे गावोगाव हिंडले. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावली असे मानतात. बाजारात तांदूळ होता. पण भाव असा कडाडला, की मजुराला तो परवडेना.

जानांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ साप्ताहिकात छापली गेली. त्यांची पोस्टकार्डे विकून मदतीसाठी पैसा उभा केला. पुढे जाना देशभर हिंडले. आदिवासी, शेतकरी, खाणमजूर, सारे त्यांनी टिपले. आणि नवल असे, की या माणसाची दृष्टी तरुणपणापासूनच अधू होती!

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये या साऱ्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले. छायाचित्रकार राम रहमान यांनी ते मांडले होते. तांदळासाठी काढलेली चित्रे अशी कलादालनाच्या भिंतीवर चढली. तिथे माणूस छायाप्रकाशाची वाहवा करतो. त्यात गैर काही नाही. चित्रे सुंदरच आहेत. पण उपाशी माणसांसमोर कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहणे खुद्द जानांना जड गेले होते. मदत करायची सोडून आपण चित्रे काढीत आहोत, ही बोच त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. काढणाऱ्याला जी बोच लागली, ती पाहणाऱ्याला मुळीच लागू नये, हे काही बरे नव्हे.

१९४३ साली ज्याने पोस्टकार्ड घेतले, त्याने निदान चार आणे तरी दिले असतील. आपण काय देणार? जाना २०१२ साली गेले. चित्रातल्या त्या माउलीचे तर नावही कुणाला ठाऊक नाही.

नातीला मी खरे ते सांगितले, “ठाऊक नाही, बाळ.” तिने पुस्तक मिटले, आत गेली आणि आजीला म्हणाली, “आजी, भांडीवाल्या मावशींच्या मुलांसाठी चकल्या आधी काढून ठेव. उरल्या तर नको.”