बेडूक, मुक्काम पोस्ट अलास्का

माझ्या सात वर्षांच्या भाचीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालंय : 'जगातले बेडूक'. ताईचं ऑफिसात क्वार्टर एन्डिंग, भावोजी टूरवर. मग वीकेंडची ड्युटी कुणाकडे? अर्थात मावशीकडे!

असल्या प्रोजेक्टचा रेडीमेड फंडा ठरलेला असतो. दुकानातून चार्टपेपर आणायचा, अंडं-टॅडपोल-बेडूक असे बाण काढायचे, हिरवा स्केचपेन संपवायचा, विषय खल्लास. मला हे जाम बोअर वाटतं. बेडूक म्हणजे कुठेही सापडणारा एक हिरवा प्राणी, असं मुलांना वाटतं ते या चार्टमुळेच. म्हणून मी जगाचा नकाशा आणि टाचण्यांची डबी आणली. म्हटलं, चल, पत्ते शोधू. बेडकांच्या ७ हजारांहून जास्त जाती आहेत आणि जसं घर तसा त्यांचा स्वभाव.

पहिली टाचणी अलास्कात. तिथला वूड फ्रॉग हिवाळ्यात चक्क गोठतो. हृदय बंद, श्वास बंद. गोठताना यकृत रक्तात भरपूर साखर सोडतं, ती पेशींना सांभाळते. बर्फ वितळलं की साहेब उठून चालायला लागतात.

"फ्रीजरमधल्या मटारसारखा?"

एकदम करेक्ट!

दुसरी टाचणी चिलीत. डार्विन्स फ्रॉगचा नर पिल्लं स्वतःच्या गळ्यातल्या पिशवीत वाढवतो आणि ती छोटे बेडूक झाली की तोंडातून बाहेर सोडतो. पॅटर्निटी लीव्हसाठी भांडणाऱ्या आमच्या टीममधल्या मुलांनी याचा फोटो एचआरला फॉरवर्ड करावा.

अंटार्क्टिकावर टाचणी का नाही, हे तिनेच विचारलं. अलास्कात निदान उन्हाळा येतो, डबकी भरतात. अंटार्क्टिकात आज एकही बेडूक नाही. पण तिथल्या सेमूर बेटावर सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या बेडकाची हाडं सापडल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. तेव्हा तिथे जंगल होतं. मग तिथे एक पेन्सिलीचा ठिपका.

कोस्टा रिकाला मात्र गाडी अडली. तिथल्या मॉन्टेव्हर्देच्या ढगाळ जंगलात भडक केशरी गोल्डन टोड राहायचा. १९८९ नंतर तो कुणालाच दिसलेला नाही.

"दुसरीकडे राहायला गेला?"

काय सांगणार? आपण भाडं वाढलं की फ्लॅट बदलतो. पण बेडूक त्वचेतून पाणी पितो, त्वचेतूनच श्वासही घेतो, त्यामुळे त्याला ओल सोडून फार लांब जाता येत नाही. त्या टोडचं तर सगळं जग म्हणजे एका डोंगरावरचं जंगल. "संपला गं," म्हटलं. सातव्या वर्षी हे सांगावं का, यावर ताई रात्री फोनवर माझ्याशी भांडली. सांगावं, असं माझं मत आहे. डायनोसॉर संपले हे आपण त्यांना पाचव्या वर्षी सांगतोच की!

मग जवळ आलो, आंबोलीला. तिथला आंबोली टोड जांभ्याच्या सड्यावर, पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. त्याची शास्त्रीय नोंद झाली २००९ मध्ये आणि तो आजच अतिधोक्यात आहे. वर्षा सहलीला आपल्या गाड्या त्याच घाटातून जातात. यंदा रात्री तिथे हळू चालवाल का, प्लीज?

शेवटी तिने डबीतली एक टाचणी वर धरली. "आपल्या सोसायटीची?"

वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, पंपरूममागे पाणी साचतं, तिथे जूनमध्ये रात्रभर डराव डराव चालतं. पण तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं कोटेशन आलंय. येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. भाची नकाशा गुंडाळून माझ्याबरोबर येणार आहे. सेक्रेटरीकाकांना अजून कल्पना नाही.