अक्षरांचे शिसे, गोळीचे शिसे

खिळे जुळवून छापलेले वर्तमानपत्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना शिसे हा धातू परका नाही. खिळेजुळाऱ्याची काळी पडलेली बोटे अनेकांना आठवत असतील. त्या खिळ्यांत निव्वळ शिसे नसे, अँटिमनी आणि कथीलही असे. लायनोटाइप यंत्राच्या मिश्रधातूत तर शंभर भागांत साधारण चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा भाग अँटिमनी आणि चार भाग कथील असे. हे मिश्रण निवताना फारसे आक्रसत नाही, म्हणून साच्यातून अक्षराच्या कडा रेखीव उतरतात. १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये हे यंत्र प्रथम चालू झाले आणि १९७८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याला निरोप दिला. पुढे अमेरिकेतल्या छापखान्यांनी मोडीत काढलेल्या या धातूला एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. ते म्हणजे घरच्या घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारा हौशी नेमबाज.

हा छंद तिकडे कायदेशीर आहे आणि जुनाही आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती साफ करून तिला पुन्हा आकार द्यायचा, नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी स्वतः ओतलेली गोळी बसवायची. मोठ्या गोळीला थोडी चूक खपते. पॉइंट टू टू व्यासाच्या इवल्याशा गोळीचे वजन मात्र जेमतेम तीन ग्रॅम असते. आत हवेचा एखादा बुडबुडा राहिला तरी तिचा तोल ढळतो आणि नेम चुकतो. शिवाय शिसे मऊ. गोळी फार वेगाने झाडली, तर ते नळीच्या आतल्या आट्यांना लिंपले जाते. त्यासाठी मेणाचे वंगण लावायचे, बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवायची आणि एवढे करूनही वेगाचा मोह आवरायचा. पॉइंट टू टू हॉर्नेटसारख्या मवाळ काडतुसात ओतीव गोळी चांगली चालते, ती यामुळेच.

यातली चिकाटी मला मनापासून आवडते. शंभर गोळ्या ओतून त्यातल्या वीस पुन्हा वितळवायला टाकणारा माणूस उतावळा नसतो. वस्तू विकत घ्यायची, वापरायची आणि फेकायची, या आजच्या रीतीत असा माणूस विरळाच. पण हाताने केलेले ते सारे निर्मळ, ही आपली जी भाबडी समजूत आहे, ती इथे अपुरी पडते. शिसे हे विष आहे. मुलांच्या शरीरात त्याचे अमुक एक प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. वाढत्या मेंदूची झालेली हानी बहुधा भरून येत नाही.

आणि हे विष येते ते लोकांना वाटते तसे केवळ कढईच्या वाफेतून नव्हे. शिसे ३२७ अंशांना वितळते, पण त्याची वाफ व्हायला फार मोठे तापमान लागते. ओतकामात खरी भीती असते ती वर साचणाऱ्या मळीच्या भुकटीची. झाडलेल्या टोप्यांमधली राखही तशीच, कारण बहुतेक टोप्यांच्या मसाल्यात शिशाचे संयुग असते. ही धूळ बोटांवरून, कपड्यांवरून, चपलांवरून स्वयंपाकघरात आणि रांगत्या मुलापर्यंत पोहोचते. छंद बापाचा आणि भोग लेकराचा, हा कुठला न्याय?

घराबाहेरची कथाही बोलकी आहे. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८२ साली अवघ्या दोन डझनांच्या आतबाहेर उरला होता. पिंजऱ्यात वाढवून त्याला पुन्हा आकाशात सोडले, तर तो शिशाने मरू लागला. शिकारीच्या गोळीचे जनावराच्या मांसात कण होतात आणि रानात टाकलेल्या आतड्यांतून ते काँडोरच्या पोटात जातात. अखेर २०१९ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियाने शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी केली.

‘तांब्याची गोळी महाग पडते, सरकारने आमच्या छंदात नाक खुपसू नये,’ असे तिथले हौशी म्हणतात. खर्चाचा मुद्दा खरा आहे. लक्ष्यावर झाडलेली गोळी मातीच्या बांधात अडकते, ती काँडोरला मारत नाही, हेही खरे. म्हणूनच सरसकट बंदीपेक्षा शिकारीत तांबे आणि मैदानावर शिस्तीने हाताळलेले शिसे, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. जो माणूस गोळीतला बुडबुडा शोधतो, त्याला हात धुण्याची शिस्त अवघड का जावी?

‘आपल्याला त्याचे काय?’ असे वाचक विचारतील. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण शिसे आपल्या मुलांच्या हातात आलेच आहे. २०१० साली तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली, २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, ते पॉइंट टू टूच्या रायफलीनेच. अशा एका गोळीत सुमारे अडीच ग्रॅम शिसे असते, म्हणजे शंभर गोळ्यांच्या सरावात पाव किलो. नव्याने शिकणाऱ्यांच्या हवाई रायफलीचे छर्रेही बहुधा शिशाचेच असतात.

तेव्हा मुलाला नेमबाजीच्या वर्गात घालताना पालकांनी फी विचारावी, तसेच आणखी चार प्रश्न विचारावेत. हवा बाहेर खेचणारे पंखे आहेत का? जमीन कोरड्या केरसुणीने झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात? डबा खाण्याआधी मुले साबणाने हात धुतात का? साचलेले शिसे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाते की भंगारवाल्याच्या उघड्या भट्टीत? यांपैकी एकाही प्रश्नाला मोठा खर्च नाही. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली घालवले, तेव्हा सरकारी फर्मान लागले होते. इथे मात्र पालकांनी नेटाने विचारणे आणि क्लबचालकांनी मनावर घेणे पुरेसे आहे. पदके जरूर यावीत, पण त्यांची किंमत मुलांच्या रक्तातून वसूल होता कामा नये.