माराकायबोच्या कोळ्यांचे देणे

व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या कोळीवस्त्यांत एका व्याधीला नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘वाईट’, असे म्हणतात. ऐन उमेदीत हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, बुद्धी ढळत जाते आणि बहुधा दहा-वीस वर्षांत मृत्यू येतो. झोकांड्या खाणारी ही माणसे प्यालेली नसून हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक विकाराने ग्रस्त आहेत, हे तेथील डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५०च्या दशकात ओळखले. आईबापांपैकी एकाला हा विकार असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

१९७९ पासून नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधिका तेथे वर्षानुवर्षे जात राहिल्या. त्यांची स्वतःची आई याच विकाराने दगावली होती. चार हजारांवर माणसांनी रक्ताचे नमुने दिले. त्या बळावर १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील खूण सापडली आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती आले. या कामी पैसा प्रामुख्याने सरकारी व धर्मादाय होता. रक्त अर्थातच दरिद्री कोळ्यांचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्युअर कंपनीने आपल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष जाहीर केले. मोठी मात्रा घेऊन तीन वर्षे पूर्ण केलेल्या बारा रुग्णांत विकाराची वाढ पंचाहत्तर टक्क्यांनी मंदावली, असे त्यांत म्हटले होते. संख्या अल्प आहे आणि तुलनाही चाचणीबाहेरील रुग्णांशी केलेली आहे. तरीही आशा वाटावी असेच हे यश आहे. प्रश्न किमतीचा आहे.

त्याचे उत्तर दुसऱ्या एका विकाराने आधीच देऊन ठेवले आहे. मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी या बालकांच्या मेंदूविकारावरील उपचार मिलानमध्ये, इटालियन जनतेच्या टेलेथॉन देणग्यांच्या आधारे विकसित झाला. पुढे त्याचे हक्क खाजगी कंपन्यांकडे गेले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत साडेबेचाळीस लक्ष डॉलर ठरली! संशोधनाचा खर्च भरून काढावा लागतो, हा युक्तिवाद नेहमीचाच. परंतु आरंभीची जोखीम ज्या समाजाने उचलली, त्याचा वाटा या हिशेबात कोठे धरला जातो? सार्वजनिक पैसा देतानाच किमतीची मर्यादा आणि नमुने देणाऱ्यांचा उपचारावरील हक्क करारात लिहून घेतला पाहिजे. मागाहून केलेल्या विनंतीला बाजारात कोणी विचारीत नाही.

युनिक्युअरच्या चाचण्या अमेरिकेत व युरोपात झाल्या, माराकायबोत नाही. हे औषध कवटीला छिद्रे पाडून मेंदूच्या खोल भागात सोडावे लागते आणि शस्त्रक्रियेला कित्येक तास लागतात. उद्या ते फुकट मिळाले तरी त्यासाठी अखंड वीज असलेले रुग्णालय हवे. २०१९ च्या मार्चमध्ये माराकायबो शहर कित्येक दिवस अंधारात होते.